कुंदाबरोबरचं जुहूचं जेवण

परवा नातीने पिझ्झ्यावर ओरेगॅनो टाकलं आणि त्या वासासरशी शहाऐंशी सालातली एक दुपार समोर उभी राहिली. जुहूच्या एका गल्लीत पाच टेबलांचं इटालियन हॉटेल होतं. खाऱ्या वाऱ्याने चौकड्यांचे टेबलक्लॉथ फडफडत होते. माझी धाकटी बहीण कुंदा सासरी न सांगता बोरीवलीहून मला भेटायला आली होती. तिला स्पॅगेटी काट्यावर गुंडाळता येईना, म्हणून मी हसत सुटले. तीही हसली. मग एकदम म्हणाली, "ताई, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का गं?"

"आत्ता? एका खोलीत आम्ही पाच माणसं. दिवाळीनंतर ये ना."

"बरं," म्हणून ती खात राहिली. का यायचंय, हे मी विचारलंच नाही. 'येऊ का' म्हणताना तिने काटा खाली ठेवला होता, हे आज मला स्पष्ट दिसतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

आठवड्याभरात कुंदा घरातून निघून गेली. कुठे, ते आजवर कळलं नाही. आई मात्र शेवटपर्यंत मला विचारायची, "तुझ्याशी काही बोलली होती का गं ती?"

मी दर वेळी नाही म्हटलं.