खोडणाऱ्याची सही

विमानाचे सुटे भाग तपासायचं माझं काम. आमच्या कारखान्यात प्रत्येक भागाला टॅग लागतो, आणि टॅगवर कुणी खाडाखोड केली तर बाजूला त्याची सही लागते. सही नसेल तर मी तो भाग पुढे सोडत नाही, मग साहेब कितीही ओरडोत.

बंगळुरातल्या मराठी मंडळाच्या वधू-वर मेळाव्याचा फॉर्म मी स्वतः भरला होता. वय चौतीस. ‘इतर माहिती’च्या रकान्यात लिहिलं, ‘मी ऑटिस्टिक आहे.’ तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं, हायसं वाटलं होतं. शाळेपासून लोक मला तऱ्हेवाईक, शिष्ट, माणूसघाणी म्हणत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक शब्द मापात बसला होता.

घरात त्या एका ओळीवरून रण माजलं. आई म्हणाली, “‘थोडी वेगळी’ असं लिही.”

“कुणापेक्षा?” मी विचारलं. ती भाजी चिरत राहिली.

पुण्याहून इथे आयटीत आलेला मावसभाऊ म्हणाला, “असं नाही म्हणायचं गं, ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ म्हणायचं. व्यक्ती आधी.”

“तुला कुणी ‘इंजिनिअरिंग असलेली व्यक्ती’ म्हणतं का?” ज्याला स्वतःला तसं म्हणवून घ्यायचंय त्याने खुशाल घ्यावं. माझ्यापुरतं मी ठरवणार.

आत्याने मात्र वाद घातला नाही. चाळीस वर्षं बंगळुरात काढलेली बाई. “सरी, सरी, ठीक आहे,” म्हणत तिने फॉर्म पर्समध्ये घातला आणि शिवाजीनगरच्या छापखान्यात स्वतः देऊन आली.

मेळाव्याच्या सकाळी परिचय पुस्तिका हातात पडली. माझ्या फोटोखाली छापलं होतं, ‘स्वभाव शांत, मनमिळाऊ.’ माझं डोकंच फिरलं. शांत? मी?

“आत्या, हे तू केलंस?”

“स्वल्प अॅडजस्ट कर गं. स्थळं यायला नकोत का? नंतर सांगू की सावकाश.”

“खोडलंस ना? मग इथे सही कर.”

“मी कशाला सही करू?” ती पदर सावरत पहिल्या रांगेत जाऊन बसली.

माझा नंबर आला. माईकची शिट्टी कानात घुसत होती, स्टेजवरचे दिवे सहन होत नव्हते. अशा वेळी माझे हात हलायला लागतात. एरवी मी ते ओढणीत लपवते, त्या दिवशी हलू दिले.

“बाविसाव्या पानावर चूक आहे,” मी म्हटलं. “‘शांत, मनमिळाऊ’ खोडा. तिथे ‘ऑटिस्टिक’ लिहा. पेन नसेल तर शेजाऱ्याचं घ्या. मी थांबते.”

आणि थांबले. कुणीतरी हसलं. निवेदिका माझ्याकडून माईक घ्यायला पुढे आली, मी दिला नाही. मग मागच्या रांगांतून पानं उलटल्याचा आवाज यायला लागला.

परतताना ऑटोत आत्या तोंड फिरवून बसली होती. “आता एक स्थळ येणार नाही, बघ.”

“नको येऊ दे. आलं तर माझ्यासाठी येईल. त्या मनमिळाऊ बाईला मी ओळखत नाही.”

घर आलं. उतरताना तिने स्वतःची पुस्तिका माझ्या मांडीवर टाकली. बाविसावं पान उघडं होतं. छापलेली ओळ खोडलेली, वर तिच्या गोल अक्षरात माझा शब्द, आणि बाजूला सही, आडनावासकट.

“पटलंय असं समजू नकोस,” ती म्हणाली.

“आमच्याकडे पटावं लागत नाही,” मी म्हटलं. “सही लागते.”