पाइपलाइन भरेपर्यंत

सुधीररावांचा फोन आला तेव्हा मी गावच्या पाणी संस्थेच्या मोटारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. मोटार पाणी उचलत नव्हती, नुसती घरघरत होती. सुधीरराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, नंदाचे यजमान. "दादा, नंदा गेली हो..." एवढंच बोलले. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि परत नटबोल्ट आवळायला बसलो. चांगले आवळून झाले, मोटारीनं पाणी धरलं, आणि मग कुठं मी फोन काढून सुधीररावांना परत विचारलं, काय म्हणालात म्हणून. दुखणं माहीत होतं, पुण्याला जाऊन बघूनही आलो होतो... तरी माणूस वेडं असतं. तिला गावी आणलं आणि आमच्यात पुरायची रीत आहे तशी रानात समाधी दिली, आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या शेजारी. आता पाहुणे पांगलेत. घरात बोलायला गेलं की सगळे रडतात, म्हणून लिहायला बसलोय.

नंदा लहानपणापासूनच तंद्रीतली. भाकरी हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायची, भाकरी वाळून पापड व्हायची. एकदा अण्णा आम्हाला कपिलधारच्या धबधब्यावर घेऊन गेलते. चांगलं पाणी पडत होतं वरून. बाकीची पोरं धारेखाली नाचत होती आणि ही बया दगडावर बसून वर बघत राहिली. बऱ्याच वेळानं मला म्हणाली, "दादा, यातला आधी कोन थेंब पडणार हे कोन ठरवतं? एकमेकाला धडकत कसे न्हाईत?" मी म्हणालो, "गप ए, शहाणे, कपडे काढ अन् चल." ती काही आली नाही. ओल्या केसांनी परत येताना मी बघितलं तर ती तशीच, तोंड उघडं, आणि डोळ्यांत सगळं ते पांढरं पाणी...

आमचं पाटोद्याच्या अलीकडं गाव, अण्णांचं किराणा दुकान. अण्णांना वाया गेलेलं बघवत नसे. पोत्याच्या सुतळीची गाठ कापायची नाही, सोडायची. साखरेचं पोतं रिकामं झालं की उलटं करून झटकायचं आणि पडलेले दाणे चहाच्या डब्यात. घरात सगळ्यात मोठी शिवी म्हणजे "वाया घालवलंस." त्या घरात आम्ही दोघं वाढलो. नंदा इंजिनियर झाली, बाहेर गेली, आणि मी दुकान बघत बघत गावच्या सहकारी पाणी संस्थेचा सचिव झालो. पण अण्णांची ती सुतळी दोघांच्याही हाताला चिकटलेलीच राहिली.

गावाला वाटायचं पोरगी कुलपाच्या कारखान्यात आहे. अण्णांनीच तसं सांगून ठेवलं होतं, गिऱ्हाइकाला माल मोजून देताना एवढंच सांगता येतं. मला तिनं समजावलं ते असं. मोठ्या कॉम्प्युटरात एक डोकं नसतं, पुष्कळ असतात, त्यांना प्रोसेसर म्हणायचं. एकाच गोष्टीला दोघांनी एकदम हात घातला की घोटाळा होतो. म्हणून यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामच्या गाभ्यात, त्याला ती लोकं कर्नल म्हणतात, कुलपं ठेवलेली असतात. किल्ली ज्याच्याकडं त्यानं काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. पूर्वी थांबलेले सगळे एकसारखे विचारत राहायचे, झालं का, झालं का, आणि त्या विचारण्यातच यंत्र दमून जायचं. मग कुणीतरी रांग लावली आणि प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याकडं बघायला सांगितलं. नंदाचं काम त्याच्याही पुढचं. मोठ्या यंत्रात या प्रोसेसरांच्या वेगवेगळ्या वस्त्या असतात म्हणे. किल्ली शेजाऱ्याला द्यायला वेळ लागत नाही, लांबच्या वस्तीला धाडायला लागतो. तिनं ठरवलं, जवळ कुणी मागणारा आहे तोवर किल्ली जवळच फिरवायची, म्हणजे जाण्यायेण्यातला वेळ वाया जात नाही. यंत्र असलं पळायला लागलं की परदेशातून शाबासक्या आल्या. मी तिला म्हणालो, "अण्णाची पोरगी शोभतीस बघ." लई खूश झाली होती.

तिचं हे काम पुरं झालं त्या उन्हाळ्यात ती आठवडाभर गावी आली. दुष्काळच होता. कपिलधारला पाण्याच्या जागी कातळावर नुसता काळा डाग उरला होता. आमच्या संस्थेची नदीतली विहीर तेवढी ओली होती, म्हणून शेतं सोडून माणसं आणि जनावरं जगवायची असं ठरलं होतं. एक लाइन गावात, दुसरी माळ चढून पलीकडच्या वस्तीवर. वस्तीची लाइन जुनी, सांधे गळके, बंद केली की रिकामी होणार. परत सोडायची म्हणजे आधी पाइपलाइन पोटभर पिणार, मग माणसाला देणार. त्या दिवसांत तेवढं पाणी मुरमाला पाजायचं? म्हणून मी आधी गाव उरकायचो. नंदा मोटारीच्या खोलीपाशी लिंबाखाली बाजेवर पडून असायची, डोळे अर्धे मिटलेले. ऊन असं की नदीचं कोरडं पात्र हलताना दिसायचं, वाटायचं पाणीच वाहतंय. तिचं कुलूप पुढच्या आठवड्यात कर्नलमध्ये जाणार होतं, तिच्या नावानं, जगभरच्या यंत्रांत. किती वर्षं राबली होती ती त्यासाठी.

तशात वस्तीवरच्या गयामावशी रिकामी घागर घेऊन आल्या. खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं. "सचिवसायेब, आमची पाळी हाय का न्हाई तेवढं सांगा. न्हाई म्हणा. मंजी आमी वाट बघायचं तरी सोडू."

"हाय की मावशी. गावातलं संपलं की तुमचंच."

"ते संपायच्या आधी रोज लाइट जाती, बाबा."

नंदा बाजेवर उठून बसली. समोर गावच्या नळावर लागलेल्या बायकांच्या रांगेकडं बघत राहिली, तशीच तंद्री. मग हळूच म्हणाली, "दादा, ती शेवटची हिरव्या लुगड्यातली बाई... ती मघाशी पहिली होती की रे."

"मग? जनावरांचं भरायला आली परत."

"मंग गावातलं संपणार कवा?"

मी खेकसलो, "तुला लई कळतंय!" पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं ऊन लागलं. पाणी दिलं तर घेतलं नाही. संध्याकाळी दुकानात तांदळाच्या पोत्यावर बसून म्हणाली, "मी पन हेच करून बसले, दादा. जवळचे परत परत मागत राहिले तर लांबच्याची पाळीच येत न्हाई. मोजताना यंत्र पळतच दिसतं. थांबलेलं कुनी दिसतच न्हाई."

मी भाऊ आहे, मला तिचं नाव दिसत होतं. म्हणालो, "कुनी विचारलंय का तुला? मंग सांगतीस कावून? जाऊ तर दे आत, मागनं दुरुस्त कर."

"गयामावशीला तोंड हाय, ती चालत आली," ती म्हणाली. "माझ्यातल्यांला तोंड न्हाई. ते नुसते थांबतात." आणि हुंदके देऊन रडायला लागली. गल्ल्यावर बसलेले अण्णा गिऱ्हाइकाला म्हणाले, "उद्या या."

सकाळी तिनं कळवून टाकलं, माझं काम परत घ्या, यात खोट आहे. तिच्याजागी दुसऱ्याच कुणाचं आत गेलं. शाबासक्या थांबल्या. आणि आमच्या राणीसाहेबांनी इकडं जेवणच सोडलं, म्हणे लाइटीचा अर्धा वेळ गावाला, मग रांग राहो न राहो, पाण्याची चावी वस्तीकडं फिरवायची. मी ओरडलो, "अगं, पाणी मुरमात जातंय!" ती म्हणाली, "जाऊ दे." आमच्या घरात असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. अण्णांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि स्वतः ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं. बैठकीत ठराव मीच मांडला, दातओठ खात.

नंदानं पुढं कैक वर्षं घालून कुलूप नव्यानं केलं. शेजाऱ्याशेजाऱ्यांत किल्ली ठरावीक वेळाच फिरणार, मग खोळंबा झाला तरी लांब जाणारच. वेग थोडा उतरला. पहिल्यासारखं कुणी नाचलं नाही, पण आत घेतलं. समाधीच्या दिवशी मी सुधीररावांना विचारलं, "चालतंय का अजून तिचं?" ते म्हणाले, "चालतंय ना दादा. कुणाच्या लक्षातही येत नाही, इतकं चालतंय."

यंदा परत पाऊस रुसलाय. अर्धी लाइट सरली की मी गावची चावी बंद करतो आणि वस्तीची खोलतो. पाइपलाइन आधी फुसफुसते, मग खोकते, मग गडगडत पाणी माळाकडं निघतं. खरं सांगतो, माझं मत काही बदललेलं नाही. सांध्यासांध्यातून गळताना बघून जीव तुटतो, आणि मी मोठ्यानं भांडतो, एकटाच. "बघ नंदे, बघ कसं चाललंय... तुझं काय जातंय 'जाऊ दे' म्हणायला!" ती लिंबाखाली बाजेवर पडलेली असते, डोळे अर्धे मिटलेले, ऐकून न ऐकल्यासारखी. मी आणखी चिडतो. तिला अण्णांची आठवण देतो, तिच्या तंद्रीला नावं ठेवतो, इतकी घाई कशाला केलीस म्हणून विचारतो... मग माळाच्या पलीकडून बायकांची हाक येते, "आलंऽऽ! आलंऽऽ!" आणि बाज रिकामी दिसते.

म्हणून अलीकडं मला ती पाइपलाइन लवकर भरायला नको असते.