बोटात शिरलेलं डिझेल

लोह्यात आमचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान आहे. काम मिस्टर करतात. गिऱ्हाईक आणि सुटे भाग मी सांभाळते. पंपातला दट्ट्या डिझेल जोरात दाबतो आणि ते पोलादी नळीतून नोझलपर्यंत जातं, हे मला त्यांनीच शिकवलं. नोझलमधली सुई स्प्रिंगनं दाबून धरलेली असते. डिझेलचा दाब स्प्रिंगला भारी पडला की सुई क्षणभर उचलली जाते आणि केसासारख्या बारीक भोकांतून डिझेलचं धुकं उडतं. इंजिनातल्या तापलेल्या हवेत ते धुकं आपोआप पेटतं. सुई नीट बसली नाही तर थेंब गळतात आणि ट्रॅक्टर काळा धूर ओकतो.

सोयाबीनच्या मळणीत असाच धूर ओकून एक ट्रॅक्टर शेतात बंद पडला. त्याचे मालक, एक वयस्कर मामा, जीपमधून नोझल घेऊन आले. मिस्टरांनी एक नोझल टेस्टरवर चढवलं. हातानं दांडा दाबायचा आणि धुकं कसं येतं ते बघायचं, असं ते यंत्र.

"ह्या बाजूनं येईना," म्हणत त्यांनी डाव्या हाताचं बोट जवळ नेलं आणि पुन्हा दांडा दाबला. तुंबलेलं भोक तेवढ्यात मोकळं झालं. त्यांनी हात झटकला. बोटाच्या पेरावर लाल ठिपका होता, रक्ताचा थेंबही नाही.

"मुंगी चावल्यावानी झालं, बस."

टेस्टर बसवायला आलेल्या माणसानं आम्हा दोघांना बजावलं होतं, धारेसमोर हात नेऊ नका, डिझेल कातडी फोडून आत जातं. मी तेच म्हणाले.

"आधी मामांचं काम करू दे. मळणी अडलीय त्यांची."

ते काम करत राहिले, मी बोटाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं बोट टरटरून फुगलं आणि पांढरट दिसू लागलं. पाना हातातून निसटला, तेव्हा मी टेस्टरवरचं नोझल काढूनच ठेवलं.

"नांदेडला चला."

मामा उठून उभे राहिले. "पोरगी म्हणती तसं कर, बाबा. सोयाबीन काय पळून चाललं न्हाई. जीप हाय."

वाटेत मिस्टर आधी बोलत होते, मग बोटाकडेच बघत राहिले. हात छातीशी धरलेला.

"दुखून राहिलंय का?"

"हाव. लई ठणकून राहिलंय."

त्यांच्या तोंडून दुखतंय असं मी क्वचितच ऐकलं होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी काय टोचलं ते विचारलं. दाबाचं डिझेल, असं मी म्हणताच त्यांनी पेन खाली ठेवलं. कधी झालं, सकाळपासून काय खाल्लं, असं भराभरा विचारत त्यांनी फोन लावला. काही नाही झालं, असं कुणीतरी म्हणावं म्हणून मी आतुरले होते, आणि इथं डॉक्टरच घाई करत होते.

सर्जन आले. "डिझेल आत पसरलंय. बोट उघडून धुवावं लागेल. वाचेल का, ते आत्ता सांगता येणार नाही."

मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. मामांचा फोन सारखा वाजत होता. "येतो म्हणलं ना," एवढंच बोलून ते ठेवत आणि पुन्हा माझ्याशेजारी येऊन बसत. बोट गेलं तर मिस्टर नोझलची सुई कशी धरतील, हाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. मध्येच वाटे, विष हातात चढलं तर? तिथून पुढचा विचार करायला मन धजत नव्हतं.

सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "चिरा दिल्याबरोबर डिझेलचा वास आला. उशीर केला असता तर अवघड होतं."

बोट आणखी एकदा उघडून धुवावं लागलं, पण वाचलं. आता ते पुरतं वाकत नाही आणि पेराला स्पर्श कळत नाही. मामांनी नोझल दुसरीकडून दुरुस्त करून घेतली आणि मळणी उरकून मिस्टरांना बघायला आले.

दुकान चालू आहे. ते टेस्टरचा दांडा धरतात तेव्हा मी हातातलं काम सोडून उभी राहते.

"बस की. हात लांबच हाय माझा," ते म्हणतात.

माझ्यानं बसवत नाही.