पाणी निजलंय, हळू बोला

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ते गाळासारखे असतात. पाणी वाहत असतं तोवर दिसतही नाहीत. पाणी जरा थांबलं की एकेक कण खाली बसतो, आणि एक दिवस बघावं तर तळाशी हातभर थर! मग मधूनच एखादा बुडबुडा वर येतो आणि माणूस एकटाच हसत बसतो. आम्हा टाक्यांवरच्या मंडळींचं तसंच झालंय.

टाक्या म्हणजे नंदुरबारच्या सांडपाण्याच्या टाक्या. गावाच्या उताराला, कोरीटकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून. बाजारपेठेतली गटारं इथे येतात. पाणी आधी जाळीतून जातं, मग चरात वाळू टाकतं, मोठ्या टाकीत निवळतं आणि शेवटी तळ्यात येऊन उन्हात पडून राहतं. तिथून खालच्या मळ्याला. आमचं काम एवढंच, की पाण्याला घाई करू द्यायची नाही.

आम्ही तिघं. मुकादम दगाजी आबा, सातपुड्यातून आलेला रूपसिंग पावरा, आणि मी नथ्थू. माझी शाळा चौथीत सुटली. उत्तर मनात यायचं, पण तोंडातून निघेपर्यंत मास्तर पुढच्या मुलाकडे गेलेले असत. टाकीवर तशी अडचण नाही. पाणी कोणाला काही विचारत नाही.

ह्या किश्शांचं एकच वाईट होतं. ते कोरीटला माझ्या आधी पोचायचे! आणि कोरीटला शिवराम अप्पा राहत. त्यांच्या मुलीसाठी, गोजरसाठी, माझ्या मामानं शब्द टाकला होता. मी तिला एकदाच पाहिलं होतं. बाजाराची गाडी आमच्या कुंपणाजवळून चालली होती, ती मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती. तळ्याकडे बघून ती आपल्या काकूला म्हणाली, "काकू, दख ना, तळामा आभाय पडेल शे!"

गावात त्या पाण्याला कोणी पाणीसुद्धा म्हणत नसे. तिला त्यात आभाळ दिसलं. त्या दिवसापासून माझं जाळीवर लक्ष नव्हतं.

*

जाळीवर काय काय अडकतं विचारू नका. लहान मुलांची झबली, पतंग, मातीच्या गुलाबाईची मान, एकदा तर अख्खी उशी! रूपसिंग दाताळ्यानं सगळं वर ओढतो आणि काठावर वाळत घालतो, बाजार मांडल्यासारखं.

एके सकाळी पेढीवरचे एक शेठजी धावत आले. मोरीवर तोंड धुताना त्यांच्या दातांची कवळी गटारात गेली होती. तोंड धोतराच्या सोग्यानं झाकून ते हातानंच खुणा करत होते. रूपसिंगनं काठावरून एक वस्तू उचलली, "ही का?"

शेठजींचे डोळे भरून आले. आबांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "बसा शेठ, घोटभर चहा ल्या."

शेठजी दोन पावलं मागे सरले. "ना ना भाया, तुमच्या इथलं पाणी आम्हाला चालत नाही!"

आणि कवळी सोग्याला पुसून त्यांनी तोंडात घातली.

*

एकदा मी आबांना विचारलं, की चरात फक्त वाळूच का बसते? बाकीची घाण पुढे का जाते? आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरसाहेबांनी ते वेगाचं गणित सांगितलं होतं, पण गणित आलं की मला शाळा आठवते.

आबांनी बिडी कानामागे खोचली. "वरात दखेल शे ना? सावकाश चालनी का म्हातारा वट्टावर बठी जातस, आनि पोरं नाचत पुढे निंघी जातस. वाळू म्हंजे म्हातारा."

"आणि वरात फार जोरात पळाली तर?"

"मंग म्हातारा बी मांडवमा घुसस! आनि जेवाले पुरत नही!"

तेव्हापासून चरातली वाळू उपसताना आम्ही आदरानं फावडं चालवतो.

*

मोठी टाकी हा आबांचा देव. तिच्यात पाणी इतकं हळू चालतं की चालतंय हे कळतच नाही. वर साय, खाली गाळ, मध्ये निवळलेलं पाणी. तिथे कोणी मोठ्यानं बोललेलं आबांना खपत नाही.

नगरपालिकेच्या कमिटीचे एक मेंबर बघायला आले. भाषणाचा आवाज. टाकीच्या काठावर उभं राहून त्यांनी सुरुवात केली, "नगराच्या आरोग्याचा हा पाया...!"

आबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला साहेब. पाणी निजेल शे."

मेंबरसाहेब गप्पच झाले. पुढचं सगळं त्यांनी कुजबुजत विचारलं. ओव्हरसियरसाहेब कुजबुजत उत्तर देत होते. शिपायानं तर वहाणा काढून हातात घेतल्या! शेवटी सगळे चवड्यांवर चालत फाटकाबाहेर गेले. टांग्यात बसतानाही मेंबरसाहेबांचा आवाज उतरलेलाच होता. "घरी चल," ते कसंबसं म्हणाले.

टांगेवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली. "कोन गयं, साहेब?"

*

टाकीच्या तळचा गाळ पाइपानं एका बंद कुंडीत जातो. तिथे तो कुजतो, मुरतो आणि त्यातून गॅस निघतो. रूपसिंग कधीकधी कुंडीला कान लावून बसतो. म्हणतो, आत कोणी जेवतंय.

एक दिवस दिवेलागणीला कुंडीच्या तोंडाशी आबांनी बिडी पेटवली. आणि कुंडीच्या तोंडावरून एक निळी ज्योत उठली! आवाज नाही, धूर नाही. पाण्यावरून पाखरू जावं तशी ती सरकली आणि विझली. आबांच्या अर्ध्या मिशा तिच्याबरोबर गेल्या.

रूपसिंग हात जोडून उभा होता.

ओव्हरसियरसाहेब दुसऱ्या दिवशी हसले. "अरे, तो गॅस आहे. मीथेन त्याचं नाव. आणि बिडी इथे पुन्हा ओढायची नाही, जिवाशी खेळ आहे!"

"बरं झालं नाव कळलं," रूपसिंग म्हणाला. "पण नाव कळलं म्हणून रामराम करायचा नाही का?"

*

आता तो किस्सा, ज्यानं माझं नुकसान केलं.

त्या हिवाळ्यात दुसरी कुंडी बांधून झाली. ओव्हरसियरसाहेबांनी समजावलं, "घाण खाणारे जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. नव्या कुंडीत ते आपोआप येतील, पण उशिरा. म्हणून जुनीतला थोडा गाळ नवीत टाका. विरजण लावतात तसं." एवढं सांगून ते सायकलीवर बसून गेले.

आबा विचारात पडले. थंडी तर मरणाची. ते म्हणाले, "थंडं दूधले कोनी विरजन लावस का? कोमट कराले पडी."

झालं! तीन दगडांच्या चुली मांडल्या, त्यांवर मोठमोठी पातेली चढवली, आणि गावाचं सांडपाणी आम्ही मंद आचेवर तापवायला घेतलं. आबा मधूनच बोट बुडवून बघत होते. मी ढवळत होतो. वारा गावाकडचा.

पहिल्यांदा बाजारातली कुत्री ओरडायला लागली. मग दुकानांच्या फळ्या पडल्या. मग ओव्हरसियरसाहेब नाकाला टॉवेल लावून सायकल हातात धरून पळत आले. सायकलीवर बसायचंसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं.

"काय चाललंय हे?"

"विरजन लावी ऱ्हायनूत, साहेब."

साहेब खाली बसले. एकेक पातेलं त्यांनी बघून घेतलं. मग टॉवेलाच्या आतून त्यांचा आवाज आला, "निदान झाकण तरी ठेवा!"

हा किस्सा वासाच्याही आधी कोरीटला पोचला. मामा तिथे पुन्हा गेला तेव्हा शिवराम अप्पांनी त्याला पाटही दिला नाही. उभ्यानंच सांगितलं, "गटारले विरजन लावणारा लोकं! त्यास्ना घरमा मन्ही पोर दही कशी लावी?"

*

त्यानंतर मी तळ्याच्या काठी जास्त बसू लागलो. शेवटचं पाणी ते. त्याला काही करायचं नसतं. वारा खायचा, ऊन खायचं, हळूहळू हिरवं आणि मग निर्मळ व्हायचं. कुठून आले कोणास ठाऊक, पण त्यात मासे होते. दुपारी बगळा यायचा आणि स्वतःकडे बघत उभा राहायचा.

ओव्हरसियरसाहेब एकदा शेजारी टेकले. म्हणाले, "ते न दिसणारे जीव इथेही आहेत. ह्यांना मोकळी हवा लागते. आत्ता, आपण बोलतोय तेव्हाही, काम करताहेत."

मी विचारलं, "साहेब, त्यांना स्वप्नं पडत असतील?"

साहेब माझ्याकडे वळले. "नथ्थू, तू पाचवीत गेला असतास तर मास्तरांचं काही खरं नव्हतं!"

*

आता शेवटचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात पितरांची घागर भरतात. मातीच्या नव्या घागरीत पाणी, आणि तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज. निखाऱ्यांवर तूप आणि घास सोडायचा, त्याला आगारी म्हणतात. आगारी भडकली की समजायचं, पितर जेवले. डांगर मात्र लागतंच. त्याशिवाय घागर म्हणजे टोपीशिवाय म्हातारा.

त्या वर्षी चैत्रात अवकाळी पाऊस झाला आणि नदीपात्रातल्या डांगरांच्या सगळ्या वाड्या वाहून गेल्या. नंदुरबारच्या बाजारात औषधाला डांगर नव्हतं. फक्त आमच्या तळ्याखालच्या मळ्यात वेल पसरले होते, आणि पिवळीजर्द डांगरं उन्हात लोळत होती. ती आम्ही तिघंच खायचो. गावात कोणी हात लावत नसे.

आखाजीच्या आदल्या दिवशी कुंपणाशी एक बैलगाडी थांबली. शिवराम अप्पा! मी जाळीवर होतो. हातातलं दाताळं कुठे ठेवावं कळेना.

ते माझ्याकडे बघत नव्हते. मळ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "मन्हा बाप औंदा गया, त्यानी पहिली घागर शे. बठ्ठा बाजार फिरी उनू. त्याले डांगर भलतं आवडे." मग एका डांगराकडे बोट करून, "हाई कोना पाणीवर वाढनं?"

"गावना," मी म्हणालो.

"गावना म्हंजे गटारना?"

शाळेत असतो तर इथेच मास्तर पुढच्या मुलाकडे गेले असते. पण अप्पा कुठे गेले नाहीत. उभेच राहिले. म्हणून मला म्हणता आलं, "चला अप्पा, दाखाडस."

जाळीपासून सुरुवात केली. रूपसिंगनं त्यांना वाट दिली. चरापाशी मी म्हाताऱ्यांची वरात सांगितली. त्यांच्या मिशा जरा हलल्या. मोठ्या टाकीशी आबा बसले होते. त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं, आणि अप्पांनी, एवढा पाटलासारखा माणूस, वहाणांचा आवाज होऊ नये म्हणून पाऊल जपून टाकलं.

तळ्याच्या काठी ते बसले. संथ पाणी. त्यात आभाळ. बगळा होता. 

"मन्हा बाप शेवटला दिवसमा असाच पडी राहे," ते म्हणाले. "उनमा. डोया मिटीसन. आम्हले वाटे, काहीच करत नही."

मग उठले, मळ्यात उतरले, स्वतः वाकून एक डांगर तोडलं, उपरण्यात बांधलं आणि गाडीत जाऊन बसले. माझ्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

आबा माझ्याजवळ आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज टाकीपाशी नसतानाही हलका होता. "नथ्थू, सकाय आगारी भडकनी नही, ते समजी जाय. म्हातारानी मान फिराई. मंग कोरीटनी वाट तुले बंद."

आखाजी उजाडली. गावात झाडाझाडांना झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरींची गाणी टाक्यांपर्यंत येत होती. आबांनी पुरणाची पोळी आणली होती. माझ्या वाटची मी माशांना टाकली. मी तळ्याकाठी बसून कोरीटच्या बाजूचं आभाळ बघत राहिलो. सगळ्याच घरांतून धूर निघत होता. त्यातला कोणता त्यांचा, कसं कळणार? एकदा वाटलं, सरळ वर चाललाय तो. एकदा वाटलं, विझला तो. मग डोळा लागला. स्वप्नात एक म्हातारा पाण्यावर पाय पसरून बसला होता आणि मला काही विचारत होता, आणि मला उत्तर येत होतं.

आखाजी सरल्यावर बाजाराच्या दिवशी ती गाडी पुन्हा कुंपणाशी थांबली. अप्पा एकटेच उतरले. आबा टाकीवरून उठून उभे राहिले. रूपसिंगच्या हातातलं दाताळं तसंच राहिलं.

अप्पा माझ्याजवळ आले. टाकीकडे एक नजर टाकली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "पाणी निजेल शे का?"

"हां."

त्यांनी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली. आत डांगराच्या बिया होत्या. स्वच्छ धुतलेल्या, राखेत घोळलेल्या. माझा हात त्यांनी स्वतःच ओढून उघडा केला आणि त्यात त्या ओतल्या.

"गोजरनी धुयेल शेतस," अप्पा कुजबुजले. "तू पेरजो. पाणी ती घाली."