बाईंनी सांगितलेलं पेट्रोल

"ओढा! अहो, ओढा ना! दोरी आहे ती, सोवळं नाही!"

सोसायटीचे अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ओरडत होते. अंगात रेनकोट, हातात छत्री आणि या दोन्हींवर पत्र्याची शेड. खाली पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, पाण्यात रबरी होडी, होडीत मी, आणि माझ्या हातात तिच्या इंजिनाची दोरी. ती दोरी मी त्या सकाळी इतकी ओढली, की तेवढ्या ओढीत बोरघाटातून अख्खी मालगाडी एकट्यानं वर आणली असती. इंजिन एकदा खोकलं, पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं.

कर्वेनगरात नदीच्या बाजूला आमची सोसायटी. पुढे दोन इमारती आणि मागे, नदीकडच्या भिंतीला टेकून, एक बैठा बंगला. त्या बंगल्यात बाई अडकल्या होत्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका. मलाही त्यांनी शिकवलं होतं. मला तो विषय समजावून समजावून त्यांचे केस वेळेआधी पांढरे झाले, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगतो. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. गच्चीवर जायला फक्त लोखंडी शिडी, आणि बाईंना उंबरठासुद्धा ओलांडवत नव्हता.

धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज सकाळीच आला, तेव्हा अध्यक्षांनी माझ्यासमोर त्यांना फोन केला होता. "बाई, निवांत बसा. पावसात कुठं जाता? होडी आहे ना आपली!"

होडी होती. आदल्या पावसाळ्यात पाणी भिंतीपर्यंत येऊन परत गेलं, तेव्हा होडी घ्यायचं ठरलं. होडीवर एकमत झालं, भांडण झालं ते पेट्रोलवर. त्या सभेत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पंपावरचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल होडीत घालू नका. बिनइथेनॉलचं आणा."

"ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मिळतं," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्या गावाच्या गाड्या साध्या पेट्रोलवर चालतात. आपली होडी काय जावई आहे?"

"गाडी रोज पिते, रोज संपवते. होडी वर्षभर तोंडात गुळणी धरून बसणार. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, पेट्रोल वर तरंगतं. आणि इंजिनाला जाणारी नळी कुठून ओढते? तळातून."

"बाई, तास संपला," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मी कुणाच्या बाजूला होतो म्हणाल, तर मी बटाटेवड्यांच्या बाजूला होतो.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे खंडेनवमीला पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर, माळीकाकांची कात्री, सगळ्यांना हार पडतो. होडीलाही पडला. सेक्रेटरींनी जवळच्या पंपावरून पेट्रोल आणून टाकी काठोकाठ भरली, पूजेत रिकामं भांडं बरं दिसत नाही म्हणून. हार अडकवायला जागा सापडेना, म्हणून त्याचा दोरा टाकीच्या झाकणाखाली दाबला. झाकण पुरतं बसलं नाही. कुणीतरी म्हणालं, हार काढून झाकण नीट लावा. सेक्रेटरींनी कानांवर हात ठेवले. खंडेनवमीचा हार आपण काढायचा नसतो, तो आपला आपण गळून पडतो.

होडी निळ्या ताडपत्रीखाली गेली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पार्किंगच्या कोपऱ्यात ते लांबट निळं गाठोडं असं पडून असायचं, की संध्याकाळी स्कूटर लावताना मी तिकडे पाहायचं टाळत असे. एखाद्याला झाकून ठेवावं आणि न्यायला कुणी येऊ नये, तसं. टाकी मात्र त्या फटीतून हवा घेत होती. मृगाची, आषाढाची, सगळी ओली हवा.

पाणी आलं ते आवाज न करता. आधी गटाराच्या झाकणांवर बुडबुडे आले, मग झाकणं हलली. भिंतीवरून नदी येईल म्हणून सगळे भिंतीकडे बघत बसले, आणि ती आमच्या पायाखालून आली. तपकिरी, जाड. वर एक चप्पल गोल गोल फिरत होती. चहाचं पाणी उकळायला लागतं तेवढ्या वेळात ती चप्पल पहिल्या पायरीवरून चौथ्या पायरीवर गेली, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

इंजिन मेलं ते मेलंच. सेक्रेटरींनी टाकीचा तळ एका बरणीत ओतून पाहिला. खाली गढूळ थर, वर पेट्रोल. आम्ही दोघं पाण्यात उतरलो, बागेची नळी होडीला बांधली आणि भिंतीचा आधार धरत तिला ओढत नेलं. वरून अध्यक्ष अजून ओरडत होतेच, पण आता काय ओढायचं ते त्यांनाही समजत नव्हतं. पायाखाली जमीन होती की कुणाचं अंगण होतं की उघडं गटार, काहीच कळत नव्हतं.

बंगल्याचं दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसल्या होत्या, ऑपरेशनचा पाय सरळ धरून. पाणी ओट्याच्या काठाला लागलं होतं. गॅसचं सिलिंडर दारात आडवं तरंगत होतं.

"बाई, चला," मी म्हणालो.

"इंजिनाचा आवाज नाही आला."

"नाही आला."

"येणार नव्हता," बाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. ते हात थंडगार होते.

पाणी ओसरल्यावर मी बंगल्यात जाऊन आलो. चिखलाची रेघ ओट्याच्या बरीच वर होती, मसाल्याच्या डब्याच्या फळीला लागलेली. म्हणजे आम्ही निघाल्यावरही ते चढतच होतं. मी तिथे उभ्या उभ्या गणित करायला लागलो आणि अर्ध्यात सोडून बाहेर आलो.

पुढच्या सभेत बाईंचं म्हणणं कुणीही न हसता मान्य झालं. बिनइथेनॉलचंच पेट्रोल, पावसाळा संपला की टाकी रिकामी, झाकण घट्ट. ही बातमी द्यायला अध्यक्ष आणि मी कोथरूडला गेलो. बाई तिथे भाचीकडे तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. अध्यक्षांनी सगळं सविस्तर सांगितलं. पेट्रोल आणायला आपण स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, हे दोनदा सांगितलं. होडी आता पहिल्या ओढीला सुरू होते, हेही सांगितलं.

"मग, बाई, परत कधी येताय?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"बंगला विकला मी."