मायनं भरलेली कॉईल

परवा आमची विकायला काढलेली जुनी पांढरी गाडी बघायला जरीपटक्याहून एक गृहस्थ आले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायर दाबून पाहिले आणि डिकीच्या कडेशी येऊन थबकले. म्हणाले, "भाईसाब, ये तीन छेद काहे के हैं? ठोकी थी क्या?"

ठोकी थी! माझं डोकंच सटकलं. चौदा वर्षांत या गाडीला एक चरा पडू दिला नाही मी. त्यांना म्हटलं, ही भोकं मी स्वतः ड्रिलनं पाडलीत, शुद्धीत राहून पाडलीत. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मागून बायकोला यावं लागलं. "अवो, चहा घ्या ना तुम्ही," असं म्हणत तिनं त्यांना आत नेलं. ती भोकं पाडली त्या दिवशी हीच बाई मला म्हणाली होती, "गाडीले भोकं पाडून राहिले? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

त्या तीन भोकांत माझ्या वायरलेसच्या अँटेनाचा पाया बसवलेला होता. हॅम रेडिओ म्हणतात याला. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं, की आपलं एक कॉलसाईन मिळतं आणि त्या खुणेवर दूरदूरच्या लोकांशी हवेतून बोलता येतं. टेलिफोन खात्यात नोकरीला लागलो तेव्हा हा नाद जडला. तेव्हापासून रोज सकाळी सातला आमची हजेरी. कोकणातले एक निवृत्त शाळामास्तर हजेरी घेत, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. दहा-बारा गावांतली आम्ही मंडळी एकेक करून आवाज द्यायचो. कोणाच्या गावात धुकं आहे, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाकडे नातू झाला. गुरुजींचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही, पण त्यांना सर्दी झाली की पहिल्या शब्दाला ओळखतो.

आमचं घर तेव्हा नागपूरच्या तांडापेठेत. आम्ही विणकरांची माणसं. बाप मागावर बसायचा आणि माय रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात जाणारं सूत छोट्या नळीवर गुंडाळायची. सातव्या वर्षापासून भरत होती. उमरेडला माहेर, तिथेही तेच काम. बाप गेला, माग थांबला, मागाखालचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली, तरी रहाट मायच्या खाटेशी उभाच होता. बोलता बोलता रिकामाच फिरवायची ती. कुर्र कुर्र आवाज यायचा आणि मी ओरडायचो, "माय, रेडिओत ऐकू नाही येऊन राहिलं!" ती हसायची आणि अजून जोरात फिरवायची.

मग भावांच्या वाटण्या झाल्या, घर विकलं आणि आम्ही नंदनवनकडे चौथ्या मजल्यावर राहायला आलो. सामान हलवायच्या दिवशी मोडका कूलर, लोखंडी खाट आणि त्यासोबत रहाट मी भंगारवाल्याच्या ठेल्यावर चढवला. मायला विचारलं नाही. फ्लॅटमध्ये जागा कुठे, असं माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं. ती दारात उभी होती. ठेला वळेपर्यंत बघत राहिली, एक शब्द बोलली नाही.

आणि तेव्हापासून बोललीच नाही. रुसवा-फुगवा नव्हता, भांडण नव्हतं. "माय, जेवतेस?" "हूं." "पंखा लावू?" "हूं." अर्धी पोळी खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टर म्हणाले, वय आहे, जागा बदलली, होईल ठीक. मला कारण माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी मी त्या भंगारवाल्याकडे धावत गेलो होतो. रहाटाचं लाकूड त्यानं केव्हाच फोडून टाकलं होतं. हे मी घरी कोणाला सांगितलं नाही. कळून न कळल्यासारखं करण्यात आम्ही पुरुष पटाईत. पण आतून हाय खाल्ली होती मी. चौऱ्याऐंशीची बाई अशी न बोलताच गेली तर, हा विचार आला की घास उतरत नसे.

माणूस अशा वेळी काय करतो? भलत्याच कामात डोकं घालतो. मी गाडीत रेडिओ बसवायला घेतला.

तसंही दुसरा इलाज नव्हता. सोसायटीनं गच्चीवर अँटेना लावू दिली नाही. कमिटीतले एक म्हणाले वीज पडेल, दुसरे म्हणाले कॅन्सर होईल, तिसरे म्हणाले, "मोबाईल आहे ना, मग हे काहून?" या तिसऱ्याला उत्तर देता देता माझ्या नाकी नऊ आले. मोबाईलवर आपण कामापुरतं बोलतो, हजेरीत आपण आहोत एवढंच सांगायला येतो. हे त्यांना पटलं नाही. तेव्हा खाली पार्किंगमध्ये उभी असलेली गाडीच काय ती माझी राहिली.

वायरिंगवाला म्हणाला, "साहब, लायटर के सॉकेट से दे देता हूँ, दस मिनट का काम." मी म्हटलं, बाबा रे, तिथून घेतलं तर मी बोलायला लागलो की फ्यूज जाईल. मग मी आणि तो असे दोघं बोनेटखाली वाकून जाड वायर थेट बॅटरीपासून आत आणत बसलो. डिकीचा रंग खरवडून तांब्याची पट्टी बॉडीला जोडली, नाहीतर इंजिन सुरू केलं की रेडिओत डासासारखं गुणगुणायला लागतं. भोकांचं सांगितलंच. हे सगळं चार दिवसांत उरकलं. घोडं अडलं ते कॉईलपाशी.

आमच्या हजेरीच्या लहरींसाठी खरी अँटेना पाहिजे तीस-बत्तीस फूट उंच. गाडीवर तेवढी काठी लावली तर पहिल्याच पुलाखाली मोडेल. म्हणून आठ फुटी काठी घ्यायची आणि मधोमध तांब्याच्या तारेची कॉईल बसवायची. पाईपावर तारेचे वेढे, सगळे सारख्या अंतरावर. एक वेढा दुसऱ्याला चिकटला की बिघडलं. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तार आणली, प्लंबरकडून पाईपाचा तुकडा आणला आणि हॉलमध्ये फतकल मारून बसलो. तीस वेढे होईपर्यंत ठीक, मग बोट घसरायचं आणि सगळी तार स्प्रिंगासारखी उसळून सोफ्याखाली. एकदा झालं, दोनदा झालं, चौथ्यांदा मी पाईपच भिंतीवर फेकला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भिंत आपलीच आहे म्हणा."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"ताण सुटून राहिला तुया."

मी वळून पाहिलं. माय उठून बसली होती. तीन महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि तेही माझी चूक काढणारं!

"बोटानं ताण नाही धरत, गा. आण इकडं."

खाली बसली. तारेचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, पाईप मांडीवर ठेवला आणि तळव्यानं पुढे लोटायला सुरुवात केली. दोन वेढे घालून थांबली. "हे चिपकून राहिले एकमेकाले. मोकळे पाह्यजेत का?" मी मान हलवली. मग तिनं कमरेच्या पिशवीत हात घातला. सुपारी, अडकित्ता, आणि त्यांच्याखालून एक कांडी काढली. भरलेली कांडी, लाल सुताची. घरातली शेवटची असावी. ती माझ्याकडे बघतच नव्हती. सूत आणि तार अशी दोन्ही जोडीनं चालवायला लागली. तार, मध्ये सूत, पुन्हा तार. अंतर आपोआप सारखं. ही युक्ती मी रेडिओच्या पुस्तकात वाचली होती आणि विसरलो होतो. तिनं पुस्तक बघितलं नव्हतं, ती फक्त हातांनी विचार करत होती.

"किती भराचे?"

"चाळीस-बेचाळीस."

"जास्त भरू. कमी करता येते, वाढवता येत नाही." आणि दोन विसा आणि सहा, म्हणजे शेचाळीस वेढे भरून तिनं टोक असं बांधलं की मी कितीही ओढलं तरी हललं नाही. नंतर सूत काढून घ्यायचं असतं. मी नाही काढलं. त्यावरूनच वार्निशचा हात दिला. काम झाल्यावर ती परत खाटेवर गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, झालं, एवढंच होतं नशिबात.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेऊन निघालो तर माय दारात, डोक्यावर पदर, पायात चप्पल. "मले बी ने."

उमरेड रोडला लागलो. दिघोरी मागे टाकली आणि मोकळं रान पाहून गाडी कडेला घेतली. मीटर लावला. कॉईल जुळली नसेल तर पाठवलेला आवाज हवेत जायचा सोडून मशीनकडे परत फिरतो आणि मीटरची सुई चढते. चढलेलीच होती. एक वेढा सोडला, बघितलं. दुसरा सोडला. चौथ्या वेढ्याला सुई अशी खाली बसली की मी "वा रे पठ्ठे!" म्हणून ओरडलो. माय खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. तोच रस्ता तिच्या माहेरचा.

सात वाजले. गुरुजींचा आवाज आला, खरखरीतून पण नीट. एकेक हजेरी झाली. शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी कोणी?" मी माईकचं बटण दाबलं, कॉलसाईन सांगितलं, म्हटलं, "नागपूर. गाडीतून बोलतोय."

"अहो, जिवंत आहात! गाडीतून? विश्वास बसत नाही. कॉईल कुठून मागवलीत?"

मी बटण दाबून म्हणालो, "मागवली नाही गुरुजी, आमच्या मायनं घरीच—"

माय माझ्या खांद्यावरून माईककडे वाकली. "पोचून राहिला का गा आवाज तिकडं?"

मी दचकून बटण सोडलं. लायसन्स माझं, बोलायचं फक्त मी, असा नियम. पलीकडून गुरुजींच्या हसण्याचा आवाज आला. "पोचला आई, अगदी खणखणीत."

माफी मागायला मी पुन्हा बटण दाबलं. मायला ते बटण-बिटण काय माहीत? आवाज पोचतो एवढं कळलं आणि तीन महिने आत दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून सरळ बाहेर आलं.

"आता मले सांग. माहा रहाट काहून देल्ला तू भंगारात? इचारलं काहून नाही मले?"

माझा अंगठा बटणावर तसाच. दहा-बारा गावांत ते ऐकू गेलं. मी अंगठा उचलला तेव्हा रेडिओत नुसती सुंSS अशी शांतता. लाजेनं माझे कान तापले. मग गुरुजी हळूच म्हणाले, "नागपूर, प्रश्न आम्ही सगळ्यांनी ऐकला. उत्तर मात्र तुम्हालाच द्यावं लागेल."

माय शेजारीच बसलेली. बटण दाबायची काही गरज नव्हती. तरी दाबलं. चूक सगळ्यांनी ऐकली होती, मग उत्तरही ऐकू दे.

"चुकलं माय. मले जागेचं पडलं होतं, तुयं काही पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो होतो मी शोधाले. त्यानं तोडून टाकला होता. तोंड नव्हतं सांगाले." साठीच्या माणसानं गाडीत बसून रडावं, तेही माईक हातात धरून!

माय माझ्याकडे वळली. "गेला होता शोधाले?"

"गेलो होतो."

"मंग हे सांगाचं ना, लेका. मले वाटे, याले काही वाटलंच नाही." पदरानं तिनं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, खसाखसा. आणि म्हणाली, "चाल आता. भूक लागली मले."

परतताना ठेल्यावर तर्री-पोहे घेतले. अर्ध्या पोळीवर राहणारी बाई, प्लेट संपवून पोहेवाल्याला म्हणते, "तर्री टाक गा अजून, काही धर्म करून राहिला का?"

त्यानंतर पाच वर्षं आम्ही दोघं रोज सकाळी गाडीत बसायचो, बहुतेकदा पार्किंगमध्येच. माईकवर ती पुन्हा बोलली नाही. मीच बोलू दिलं नाही, नियमाला धरून. पण माझी हजेरी झाली की गुरुजी विचारायचे, "आणि माय?" मी म्हणायचो, "शेजारी आहे." ती मान डोलवायची, जणू त्यांना दिसणार आहे.

मागच्या थंडीत माय गेली. तेरा दिवस मी गाडीकडे फिरकलो नाही. चौदाव्या दिवशी जाऊन बसलो, शेजारची सीट रिकामी. गुरुजींना बातमी कोणीतरी कळवली होती. त्यांनी माझी हजेरी घेतली, सावकाश दोन शब्द बोलले. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणि माय?"

मी मागच्या काचेतून डिकीवरच्या काठीकडे पाहिलं. कॉईलवरचं लाल सूत उन्हानं विटून गुलाबी झालं होतं, पण एक वेढा हलला नव्हता.

बटण दाबून मी विचारलं, "कॉईल तिचीच आहे, गुरुजी. आवाज पोचून राहिला का?"

"पोचतोय," ते म्हणाले. "खणखणीत." आणि त्यांनी पुढच्या गावाला आवाज दिला.