सूत्रकृमींचा डबा

सुलाबाई नाशिकजवळच्या एका शेती संशोधन केंद्रात परिचर होत्या. बाटल्या धुवायला म्हणून लागल्या, पण १९८३ पर्यंत सूत्रकृमी वाढवायचं सगळं काम त्यांच्याच हाती आलं होतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे कृमी पीक खाणाऱ्या अळीच्या अंगात शिरतात आणि दोन दिवसांत तिला मारतात.

त्या आश्विनात सुरगाण्याकडून निरोप आला, भातावर लष्करी अळी पडली आहे. केंद्राचे साहेब आणि सुलाबाई जीपनं निघाले. वाटेत साहेबांचं कचेरीत काम निघालं. कागद घेऊन सुलाबाईंनाही आत जावं लागलं. दोन तास कृमींचा डबा उन्हात तापलेल्या जीपमध्ये राहिला.

निरोप पाठवणाऱ्या मंगळूच्या शेतात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. अळ्या भाताच्या बुडातून वर चढत होत्या. लोंब्या कुरतडल्याचा बारीक आवाज चहूकडून येत होता. सुलाबाईंनी डब्यातला थेंब काचेवर घेऊन भिंग लावलं. जिवंत कृमी वळवळतात. हे सुईसारखे सरळ पडले होते. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला.

"साहेब, सगळे मेलेत."

"फवारून टाका. अहवालात तारीख लागते."

मंगळूची बायको अक्काबाई डबा पंपात ओतायला वाकली. सुलाबाईंनी तिचा हात धरला. "नको ओतू, बाई. यात जीव राहिला नाही. उन्हात तापून आमच्या हातून गेला."

साहेब जीपकडे गेले.

"नवं कवा आणशील?" मंगळूनं विचारलं.

"बारा दिवस लागतील."

"आन् ह्या थांबतील बारा दिवस?"

सुलाबाईंनी भिंग पिशवीत ठेवलं. परतल्यावर त्यांनी सुट्टीच्या दिवशीही काम केलं. तेराव्या दिवशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन त्या एकट्याच एसटीनं आल्या. मंगळूच्या शेतात नुसती ताटं उभी होती. अळ्या उताराखाली, त्याच्या भावाच्या, काळूच्या भातात शिरल्या होत्या. संध्याकाळी तिथे फवारणी झाली. सुलाबाई अक्काबाईच्या घरीच राहिल्या.

तिसऱ्या सकाळी अळ्या पानापानावर लुळ्या लटकत होत्या. काळू हसत बांधावरून धावत गेला. मंगळू मात्र आपल्या शेतात बसून माती उकरत होता. त्यानं ओंजळ सुलाबाईंपुढे केली. तीत तपकिरी, गुळगुळीत कोष होते. एक हलला.

"हे काय?"

"त्याच अळ्या. यातून पतंग निघतील, ते पुन्हा अंडी घालतील."

"सगळ्या रानात हाय हे," मंगळू म्हणाला.